रेल्वे-कामगाराचे शौर्य : एक अवघड वाङ्मयविषय

शौर्याचे वर्णन करण्याची जी भाषा मराठीला वारशाने लाभली, ती पोवाड्याची भाषा होय. तीत शत्रू समोर उभा असतो, हाती शस्त्र असते, आणि वीराचा पराक्रम पाहावयास दोन्हीकडचे सैन्य हजर असते. आगगाडीच्या मार्गावर संकटकाळी जे धैर्य प्रकट होते, त्यात यांपैकी काहीच नाही. तेथे शत्रू म्हणजे तडकलेला रूळ, खचलेला भराव, कड्यावरून सुटलेली दरड. शस्त्र म्हणजे कंदील आणि झेंडी. आणि साक्षीदार बहुधा कोणी नाही. यश मिळाले तर काय दिसते? गाडी आडरानात थांबते, प्रवासी त्रासून खिडकीबाहेर डोकावतात, कोणी घड्याळ पाहतो, आणि तास-दोन तासांनी गाडी पुन्हा चालू लागते. काहीही न घडणे हेच ज्या पराक्रमाचे फळ, त्याचे वाङ्मय कसे व्हावे, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडलेला आहे. या विषयावर लिहिले गेले नाही असे नव्हे. जे लिहिले गेले त्यातील थोडेच टिकाऊ का ठरले, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम त्या कामाकडेच पाहू. मार्गावर गस्त घालणाऱ्या एकट्या माणसास पुढे रूळ तुटलेला आढळला, तर त्याने काय करावे हे भारतीय रेल्वेच्या नियमांत सांगितलेले आहे. धोक्याच्या जागी लाल झेंडी किंवा लाल कंदील रोवावयाचा आणि ज्या दिशेने गाडी यावयाची त्या दिशेने धावत सुटावयाचे. ब्रॉडगेज मार्गावर ६०० मीटरांवर रुळावर एक फटाका बसवावयाचा. पुढे धावत जाऊन १२०० मीटरांवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन फटाके बसवावयाचे. इंजिनाचे चाक त्यांवरून गेले की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. अंधारात, पावसात, खडीवरून आणि स्लीपरांवरून ठेचकाळत, समोरून येणाऱ्या गाडीकडे बाराशे मीटर पळत जाणे, हे या शौर्याचे मूळ रूप आहे. त्यात उडी नाही, झेप नाही. अंतर आहे, आणि ते पुरते कापले तरच उपयोग आहे. आमची कसोटीही तीच. लेखकाने हे अंतर जाणले आहे काय?

ज्याने ते पुरते जाणले असा एक लेखक आम्हांस ठाऊक आहे. तो म्हणजे रशियन कथाकार व्सेवोलोद गार्शिन. त्याची 'सिग्नल' ही कथा १८८७ साली प्रसिद्ध झाली. १८७७ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात तो स्वेच्छेने शिपाई म्हणून गेला आणि जखमी होऊन परतला. पुढे काही वर्षे रशियन रेल्वेमार्गांच्या प्रतिनिधींच्या संस्थेत त्याने कार्यालयीन नोकरी केली. रणांगणावरचे शौर्य आणि रेल्वेचे कामकाज या दोहोंचीही त्याला जवळून ओळख होती. त्यामुळेच कथेचा नायक सेम्योन हा युद्धातून परतलेला असला, तरी लेखक त्याला रणवीर करीत नाही. सेम्योनने युद्धात काय केले? तो अधिकाऱ्याचा चाकर होता. गोळ्यांच्या वर्षावात त्याने अधिकाऱ्यांपर्यंत जेवण आणि गरम समोवार पोहोचविला. संकटात वेळेवर काम पोहोचते करणारा माणूस, ही त्याची ओळख कथेच्या आरंभीच होते आणि अखेरपर्यंत तीच टिकते.

सेम्योन लाइनीवरचा चौकीदार होतो. त्याच्या चौकीपासून एक स्टेशन बारा व्हर्स्टांवर, तर दुसरे दहा. (व्हर्स्ट म्हणजे किलोमीटरहून थोडे अधिक.) गार्शिन हे आकडे पहिल्याच वाक्यांत देतो, त्यांचा अर्थ वाचकास शेवटी कळतो. हिरवी आणि लाल झेंडी, कंदील, नटबोल्ट आवळण्याचा पाना, झाडू, फावडे असे सामान त्याला मिळते. शेजारच्या चौकीवर वासिली नावाचा दुसरा चौकीदार आहे. तो मानी आणि संतापी. बागेच्या क्षुल्लक कारणावरून त्याच्यावर तक्रार होते, आणि जाब विचारता वरिष्ठ अधिकारी त्याच्या तोंडात मारतो. वासिली न्याय मागण्यास मॉस्कोस जातो आणि रिकाम्या हाताने परततो. इकडे सेम्योन फावल्या वेळात वाळुंजाच्या काड्यांच्या बासऱ्या करून शहरात विकावयास पाठवीत असतो. एके दिवशी तो चाकू घेऊन जंगलात काड्या तोडावयास जातो आणि परतताना लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज त्याच्या कानी येतो. वासिलीने पहारीने रूळ सरकविलेला असतो. हाक मारताच तो पळून जातो. प्रवाशांची गाडी यावयाची वेळ झालेली असते, आणि सेम्योनजवळ झेंडी नसते.

यापुढचा प्रसंग वाङ्मयात प्रसिद्ध आहे. सेम्योन चाकूने आपला दंड कापतो, रक्तात रुमाल भिजवितो, काठीस बांधतो आणि रुळांमध्ये उभा राहून तो फडकावितो. हे वाचून पुष्कळ वाचक हेलावतात, आणि पुष्कळ टीकाकार त्याकडे केवळ आत्मबलिदानाचे प्रतीक म्हणून पाहतात. आम्हांस हे वाचन अपुरे वाटते. सेम्योनला मरावयाचे नाही. त्याला लाल रंग हवा आहे. ड्रायव्हरला दुरून दिसेल आणि ज्याचा एकच अर्थ होईल असे चिन्ह त्या माळरानात दुसरे कोठे मिळावयाचे? बासरीच्या काड्या तोडण्याचा चाकू, टोपीतला रुमाल आणि स्वतःचे रक्त, एवढ्या साहित्यातून तो नियमात सांगितलेली वस्तू तयार करतो. येथे शौर्य आणि कारागिरी यांत भेद राहिलेला नाही. गार्शिनने त्याच्या तोंडी एकही मोठे वाक्य घातले नाही, आणि आमच्या मते कथेचा प्राण त्यातच आहे. त्याहूनही मोठे धाडस लेखक पुढे करतो. रक्तस्रावाने सेम्योनला मूर्च्छा येते, झेंडी हातातून सुटते. पण ती खाली पडत नाही. परत आलेला वासिली ती झेलतो आणि उंच धरतो. गाडी थांबते, लोक धावत येतात, आणि तो सांगतो की मला बांधा, रूळ मीच काढला.

या शेवटाला कोणी भाबडा म्हणेल. आम्ही म्हणत नाही. ज्या मनुष्याने सूड म्हणून रूळ सरकविला, तोही त्या लाल फडक्याचा अर्थ वाचल्यावाचून राहू शकत नाही. वर्षानुवर्षे हातात झेंडी धरलेल्या माणसाचा हात आपोआप पुढे होतो. तोंडात मारणारा अधिकारी आणि मॉस्कोतील बंद दार गार्शिन विसरलेला नाही. अन्यायाची ती बाजू कथेत न सुटता तशीच राहते. कामगाराच्या निष्ठेचे गुणगान करताना त्याच्यावरील अन्याय झाकून टाकणे ही अशा वाङ्मयाची नेहमीची खोड असते. गार्शिन तिच्यापासून मुक्त आहे.

या कथेच्या आधी वीस-एकवीस वर्षे डिकन्सने याच विषयाची उलटी बाजू लिहिली होती. त्याची 'द सिग्नलमन' ही कथा १८६६ ची. आदल्या वर्षी, ९ जून १८६५ रोजी, इंग्लंडात स्टेपलहर्स्ट येथे झालेल्या अपघातात डिकन्स स्वतः प्रवासी होता. पुलावरील रूळ दुरुस्तीसाठी काढलेले होते. मुकादमाने वेळापत्रक चुकीचे वाचले, आणि लाल झेंडी घेऊन १००० यार्डांवर उभा राहावयाचा माणूस ५५४ यार्डांवरच उभा होता. दहा माणसे दगावली. डिकन्सने जखमींस आपल्या हॅटमधून पाणी नेऊन पाजले, हे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. ४४६ यार्डांचा तो फरक जो समजून घेईल, त्यास या विषयाचे गांभीर्य वेगळे सांगावे लागणार नाही.

डिकन्सचा सिग्नलवाला बोगद्याच्या तोंडाशी, खोल खणलेल्या घळीत, ओलसर चौकीत राहतो. त्याला धोक्याची पूर्वसूचना देणारी एक आकृती दिसते. भुताटकीची गोष्ट म्हणून ती नाताळच्या अंकासाठी लिहिली गेली, आणि आजवर तशीच वाचली जाते. वस्तुतः तिच्यातील भय भुताचे नाही. धोका आहे हे त्या माणसास कळते, पण कोठे, कसला, हे सांगता येत नाही. तारयंत्र हाताशी आहे. धोक्याचा संदेश पाठविला तर वरिष्ठ विचारतील की कशावरून, आणि उत्तर देता येणार नाही. लोक वेडा म्हणतील, नोकरी जाईल. जबाबदारी सगळी आपली आणि अधिकार मात्र कोणताच नाही, या कात्रीत सापडलेल्या मनुष्याची ती कहाणी आहे. तो अखेर इंजिनाखाली सापडतो. कामगाराच्या धैर्याचा विचार करणाऱ्याने ही कथा गार्शिनच्या कथेशेजारी ठेवून वाचावी. एकास चिन्हाची वाण पडते, दुसऱ्यास कारणाची.

अमेरिकेतील केसी जोन्सच्या गीताचा उल्लेख येथे टाळता येत नाही, कारण पोवाड्याच्या सर्वांत जवळचा प्रकार तोच. ३० एप्रिल १९०० रोजी मिसिसिपी राज्यात व्हॉन येथे त्याची गाडी पुढे थांबलेल्या मालगाडीवर आदळली. फायरमन सिम वेब याने उडी घेतली. केसी ब्रेक धरून इंजिनातच राहिला. त्या अपघातात दगावला तो एकटाच. इंजिने पुसण्याचे काम करणाऱ्या वॉलेस सॉन्डर्स या कृष्णवर्णी कामगाराने त्याच्यावर गाणे रचले. पुढे ते नाटकी रंगभूमीवर गेले, छापले गेले, जगभर गाजले. रचणाऱ्याच्या हाती त्यातले काही लागले नाही. कंपनीच्या चौकशीत मात्र ठपका केसीवरच आला, कारण मागे पाठविलेल्या झेंडीवाल्याच्या इशाऱ्याकडे त्याने लक्ष दिले नाही असे ठरले. गीत खरे की चौकशी खरी, या वादात आम्हांस पडावयाचे नाही. गीतामध्ये ड्रायव्हर अमर झाला आणि झेंडीवाला गळून पडला, एवढेच नमूद करावयाचे आहे. वेगात मजा आहे, शिटीत नाद आहे. कंदील घेऊन रुळांवरून मागे चालत जाण्यात गाण्यासारखे काय असणार? लोकगीताने आपला स्वभाव पाळला. दोष त्याचा नाही, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. ग्वाल्हेरकडील मराठी माणूस मुंबईस जावयाचा तर त्याची गाडी भोपाळ, इटारसी, भुसावळ या मार्गाने जाते. त्या भोपाळच्या स्टेशनात २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे घडले ते या विषयातले आपल्या काळातील सर्वांत मोठे प्रकरण आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला विषारी वायू स्टेशनावर पसरला तेव्हा गोरखपूरहून मुंबईस जाणारी गाडी फलाटावर उभी होती. उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता ती ठरलेल्या वेळेपूर्वी सोडली, आणि विदिशा व इटारसी या दोन्ही बाजूंस कळवून येणाऱ्या गाड्या रोखण्यास सांगितले. स्टेशन अधीक्षक हरीश धुर्वे आणि दुसरे अनेक रेल्वे कर्मचारी त्या रात्री कामावर असताना मृत्यू पावले. दस्तगीर वाचले, वायूने जडलेले दुखणे सोसत २००३ साली वारले. स्टेशनातील स्मारकावर त्या रात्री दगावलेल्यांची नावे आहेत. त्यांत दस्तगीरांचे नाव नाही.

डिकन्सच्या सिग्नलवाल्यापुढे जो पेच होता तोच दस्तगीरांपुढे होता. हवेत काय आहे, ते कोठून आले, किती वेळ राहणार, यांपैकी काहीच निश्चित माहीत नव्हते. वेळेआधी गाडी सोडण्याचे कारण विचारले असते, तर नियमात बसणारे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. तरीही त्यांनी सोडली. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांनी नियम मोडला तो रेल्वेचाच मूळ नियम पाळण्यासाठी. पुढच्या आणि मागच्या स्टेशनास कळविणे हा तर स्टेशनमास्तराच्या कामाचा पहिला धडा. तो पाठ नसलेल्या माणसाने गाडी सोडली असती आणि बाकीचे विसरला असता. ज्याला पोवाडा लिहावयाचा आहे तो गाडी सुटण्याचा क्षण घेईल. ज्याला हे धैर्य समजले आहे तो दोन्ही बाजूंस धाडलेल्या त्या निरोपांपाशी थांबेल.

या घटनेवर २०२३ साली 'द रेल्वे मेन' ही चार भागांची हिंदी चित्रमालिका शिव रवैल यांच्या दिग्दर्शनाखाली आली. तिने हे विस्मृत प्रकरण लाखो लोकांसमोर आणले, हे तिचे श्रेय मोठे आहे. के के मेनन यांनी उभा केलेला स्टेशनमास्तर प्रत्ययकारी वाटतो. त्याच्या आवाजात अधिकार आहे पण आवेश नाही, आणि घाबरलेल्या गर्दीकडे पाहताना त्याच्या डोळ्यांत आधी हिशेब दिसतो, मग करुणा. परंतु निर्मात्यांचा या एका गोष्टीवर विश्वास बसलेला नाही. म्हणून तिजोरी लुटावयास पोलिसाच्या वेषात आलेला चोर आला, धावत्या गाडीत शिरलेली दंगल आली, वरिष्ठांचा हुकूम धुडकावून मदतीची गाडी घेऊन निघणारा महाव्यवस्थापक आला. यातले एकेक सूत्र स्वतंत्र कथेस पुरेल. एकत्र आल्यावर मात्र ती मूळ गोष्ट झाकून टाकतात. चोराच्या हृदयपरिवर्तनाला जितका अवकाश मिळतो, तितका केबिनमधल्या कामाला मिळत नाही. विषारी वायूने भरलेल्या स्टेशनात टेलिफोन हाती धरून बसलेला माणूस पुरेसा नाट्यमय नाही, असे ज्यास वाटते त्याने या विषयास हात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टेलिफोनचा विषय निघाला म्हणून या शौर्याच्या भाषेविषयी थोडे सांगतो. साहित्याच्या अभ्यासकास तोच भाग अधिक जवळचा. कॅनडात हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी दारूगोळ्याने भरलेले जहाज पेटले. जवळच्या रेल्वे कचेरीतील व्हिन्सेंट कोलमन निघून जात असता परत फिरला आणि येणाऱ्या गाड्या थांबविण्यासाठी त्याने तारेने संदेश दिला. स्फोटात तो गेला; संदेश उरला. त्यात गाडी थांबवा हे आहे, कारण आहे, आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून घातल्यासारखा, निरोप आहे. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या उद्घोषणा कक्षात विष्णू झेंडे कामावर होते. काचेआडून त्यांना बंदूकधारी दिसले. रोज गाड्यांच्या वेळा सांगणाऱ्या त्याच आवाजात, मराठीतून आणि हिंदीतून, लोकांनी इकडे येऊ नये, मागच्या बाजूने बाहेर पडावे, असे ते पुनःपुन्हा सांगत राहिले. त्यांच्या केबिनवरही गोळ्या झाडल्या गेल्या. शेकडो लोक त्या आवाजाच्या आधाराने बाहेर पडले.

या दोन्ही ठिकाणी वाक्ये आखूड आहेत. त्यांत विशेषण जवळजवळ नाही, 'मी' नाही. कोणी, कोठून, कोणत्या बाजूस, एवढेच आहे. हीच वाक्ये वर्तमानपत्रांच्या रकान्यांतून दुसऱ्या दिवशी कशी फुगतात हे वाचकांनी पाहिलेच आहे. 'जिवावर उदार होऊन', 'प्राणांची बाजी लावून', 'देवदूत'. आमच्या मते देवदूत हा शब्द अशा ठिकाणी कृतघ्नपणाचा आहे. देवदूताला पगार लागत नाही, रजा लागत नाही, आणि आणखी एका माणसाची नेमणूकही लागत नाही.

मराठी वाङ्मयाने आगगाडीवर प्रेम केले ते प्रवाशाच्या जागेवरून. मुलांना ती मामाच्या गावास नेते, प्रौढांना नोकरीच्या गावास. स्टेशनावरचा निरोप कथा-कवितांत वारंवार येतो. बालकवींचा १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रुळांवर झालेला मृत्यू हा तर मराठी काव्याच्या स्मृतीत कायमचा रुतलेला काटा आहे. पण रुळालगत उभा असलेला माणूस या वाङ्मयात खिडकीतून दिसतो तेवढाच दिसतो. हिरवी झेंडी, मळका खाकी सदरा, आणि गाडी पुढे निघून गेलेली. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्टेशनात मयूर शेळके या पॉइंट्समनने रुळांवर पडलेल्या मुलास गाडीपुढून उचलून फलाटावर ठेवले. स्टेशनातील कॅमेऱ्याने ते काही क्षण टिपले आणि देशभर दाखविले गेले. त्या चित्रात धाव दिसते, इंजिन दिसते. येणाऱ्या एक्स्प्रेसला झेंडी दाखविण्याच्या कामावर तो त्या वेळी तेथे उभा होता, हे चित्रात दिसत नाही. शेळके यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम त्या मुलाच्या अंध आईस दिली, तेही नाही. कॅमेरा जेथे संपतो तेथून कथाकाराचे काम सुरू व्हावयास हवे.

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाला तेव्हापासून गोमंतकातील आणि कोकणातील मराठी लेखकाच्या दाराशी हा विषय येऊन थांबलेला आहे. डोंगर कापून केलेल्या घळी, लांब बोगदे, आणि चार महिने कोसळणारा पाऊस. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ घळीतील दरड मार्गावर आली आणि गाडी घसरून पन्नासहून अधिक माणसे गेली. पावसाळ्यात त्या मार्गावर गाड्यांचे वेळापत्रक वेगळे असते, आणि धोक्याच्या जागी अहोरात्र पहारा असतो. गस्तवाला ठरलेल्या ठिकाणापर्यंत चालत जातो. पलीकडून दुसरा गस्तवाला येतो. दोघे आपल्या जवळची गस्तीची वही एकमेकांस देतात आणि परत फिरतात. स्टेशनात पोहोचल्यावर स्टेशनमास्तर वहीवर वेळ घालून सही करतो. पलीकडचा माणूस ठरल्या जागी भेटला नाही, तर अलीकडच्याने तेथे थांबून राहावयाचे नसते. कंदील घेऊन तो भेटेपर्यंत पुढे चालत जावयाचे असते.